समुपदेशनाच्या तासाचे पैसे कोण देतो?

मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी योजना, आरोग्य विम्याच्या अटी आणि कायद्यातील तरतुदी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर त्यांतील बहुतेक पैसा औषधे आणि रुग्णालयातील खाट या दोनच गोष्टींसाठी राखून ठेवलेला दिसतो. मानसशास्त्रज्ञ ज्याचे शुल्क घेतो तो रुग्णासमोर बसून पद्धतशीरपणे केलेल्या संवादाचा पाऊण किंवा एक तास असतो, आणि केवळ त्या तासासाठी रोख अनुदान देणारी योजना महाराष्ट्रात शोधूनही सहज सापडत नाही. याचा अर्थ असा नव्हे की नाशिकमधील सामान्य उत्पन्नाच्या माणसाला मानसशास्त्रज्ञाकडे जाणे परवडणारच नाही. अर्थ इतकाच की हा तास त्याला दुसऱ्या कुठल्यातरी योजनेच्या पोटात शोधावा लागतो. कधी तो जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात असतो, कधी कामगार विम्यात, कधी महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षात, तर कधी नुसता दूरध्वनीवर.

खर्चाचा हिशेब मांडण्याआधी कोणाकडे जायचे हे ठरवावे लागते, कारण शुल्क, औषध आणि विमा या तिन्ही गोष्टी त्यावर अवलंबून असतात. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेऊन मनोविकारशास्त्रात पुढील शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि तो औषधे लिहून देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही. मानसशास्त्रीय चाचण्या आणि मानसोपचार, म्हणजे ठरावीक पद्धतीने केलेली संवादोपचाराची सत्रे, हे त्याचे क्षेत्र. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची व्याख्या भारतीय पुनर्वास परिषदेने मान्यता दिलेल्या शिक्षणाशी जोडली आहे, आणि या परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत व्यक्तीचे नाव आहे की नाही हे कोणालाही तपासता येते. समुपदेशक हा शब्द त्यामानाने फार सैल आहे. मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन वर्षानुवर्षे काम करणारी व्यक्तीही समुपदेशक असते आणि काही आठवड्यांचा अभ्यासक्रम करून पाटी लावणारीही. शुल्क कमी आहे म्हणून समुपदेशक निवडणाऱ्याने हा फरक आधी विचारून घ्यावा, कारण विमा कंपनी, न्यायालय किंवा दिव्यांगत्व प्रमाणपत्र देणारे मंडळ यांच्यासमोर कागद ठेवण्याची वेळ आली की कागदावरची पात्रता पाहिली जाते.

खासगी मानसशास्त्रज्ञाचे शुल्क कोणतीही शासकीय यंत्रणा ठरवून देत नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोड किंवा इंदिरानगरमधील दवाखान्यात ते व्यक्तीच्या अनुभवानुसार आणि सत्राच्या लांबीनुसार बदलते, आणि बिलाचा आकडा एकाच गोष्टीने वाढत नाही. पहिले सत्र पूर्वेतिहास नोंदवण्यासाठी असल्याने सहसा लांबते आणि त्याचे शुल्कही अनेक ठिकाणी वेगळे असते. बुद्धिमापन, व्यक्तिमत्त्व किंवा अध्ययन अक्षमता यांच्या चाचण्यांचे पैसे निराळे लागतात, कारण चाचणी घेण्याइतकाच वेळ गुण मोजून अहवाल लिहिण्यात जातो. एका सत्राला १,००० रुपये लागतात असे उदाहरणापुरते धरले आणि नैराश्य किंवा चिंताविकार यांसाठी वापरल्या जाणाऱ्या बोधात्मक वर्तनोपचाराची, म्हणजे विचार आणि वर्तन यांतील दुष्टचक्र ओळखून ते तोडण्याच्या पद्धतीची, बारा सत्रे धरली, तर तीन महिन्यांत १२,००० रुपये होतात. सातपूर किंवा अंबडमधील कंत्राटी कामगाराला यात दर आठवड्याचा अर्ध्या दिवसाचा खाडा मिळवावा लागतो, आणि सुरगाण्याहून येणाऱ्याला तर ऐंशी-नव्वद किलोमीटरचा प्रवास आणि अख्ख्या दिवसाची मजुरी. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की मानसिक आजार असलेल्या व्यक्तीच्या कुटुंबाला महिन्याला सुमारे १,००० ते १,५०० रुपये खर्च येतो आणि तो मुख्यतः उपचार आणि प्रवास यांवर होतो. ज्या १२ राज्यांत हे सर्वेक्षण झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता. परंतु प्रवासखर्च हा उपचाराच्या खर्चाच्या रांगेत जाऊन बसतो, हे त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांतील माणसाला सर्वेक्षणाने सांगण्याची गरज नाही.

खासगी शुल्क कमी करून घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पहिल्या दूरध्वनीवरच त्याबद्दल विचारणे, आणि नेमके तेच करण्याचा मराठी मध्यमवर्गाला संकोच वाटतो. अनेक मानसशास्त्रज्ञ काही जागा ऐपतीप्रमाणे शुल्क घेण्यासाठी ठेवतात, काही जण विद्यार्थ्यांना सवलत देतात, काही संस्थांमध्ये अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या नव्या मानसशास्त्रज्ञांचे दर कमी असतात. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आयपीएच, या संस्थेचे केंद्र नाशिकमध्येही आहे. अशा स्वयंसेवी संस्थांमध्ये शुल्काबद्दल बोलणे एकट्या व्यावसायिकाच्या दवाखान्यापेक्षा सोपे जाते. सत्रांमधील अंतर वाढवावे का, बारा सत्रांचे काम आठांत होण्यासारखे आहे का, हेही विचारण्याचे प्रश्न आहेत. पैसे संपले म्हणून चौथ्या सत्रानंतर न सांगता येणे बंद करण्यापेक्षा ते केव्हाही बरे, कारण अर्धवट सोडलेल्या उपचारात आधी भरलेले पैसेही बहुधा वाया जातात.

सरकारी वाट जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जाते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२मध्ये सुरू झाला. मनोरुग्णालयांची संख्या वाढवण्यापेक्षा सर्वसाधारण आरोग्यव्यवस्थेतच मानसोपचार आणावेत हा त्यामागचा विचार कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात आजमावला गेला आणि १९९६पासून त्याला जिल्हा कार्यक्रमाचे रूप मिळाले. या कार्यक्रमाच्या रचनेत प्रत्येक जिल्ह्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोसामाजिक कार्यकर्ता आणि मानसोपचार परिचारिका असे पथक, बाह्यरुग्ण सेवा, समुपदेशन आणि दहा खाटांची आंतररुग्ण सोय अपेक्षित आहे. नाशिकच्या दृष्टीने या रचनेला विशेष महत्त्व आहे, कारण राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत आणि उत्तर महाराष्ट्राच्या वाट्याला त्यांतील एकही आलेले नाही. त्र्यंबक रोडवरील जिल्हा शासकीय रुग्णालय, ज्याला नाशिककर सिव्हिल म्हणतात, तेच या जिल्ह्यातील सरकारी मानसोपचाराचे मुख्य दार आहे.

या दारातून आत जायला पैसे लागत नाहीत. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क करण्यात आले असून केसपेपरचे पैसेही माफ झाले आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत, तसेच शालिमारजवळच्या संदर्भ सेवा रुग्णालयालाही हा निर्णय लागू आहे. मात्र तो सार्वजनिक आरोग्य विभागापुरता आहे. नाशिकरोडचे बिटको आणि डॉ. झाकीर हुसेन ही महापालिकेची रुग्णालये आहेत, आणि तेथील दर महापालिका ठरवते. आडगावचे डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय मराठा विद्या प्रसारक समाजाचे, म्हणजे खासगी संस्थेचे आहे. वैद्यकीय महाविद्यालयाला मनोविकारशास्त्राचा विभाग ठेवावाच लागतो आणि शिकवण्यासाठी रुग्ण हवे असल्याने अशा रुग्णालयांचे बाह्यरुग्ण शुल्क शहरातील खासगी दवाखान्यांपेक्षा सहसा बरेच कमी असते. एकाच शहरातील या तीन प्रकारच्या रुग्णालयांचे नियम वेगवेगळे आहेत, हे ठाऊक नसल्यामुळे एका रुग्णालयात पैसे मागितले गेले की सगळीकडे तेच असेल असा समज होतो.

निःशुल्क सेवेची खरी किंमत वेळेत मोजली जाते. बाहेर रांग असताना पाऊण तास एकाच रुग्णाला देणे सरकारी बाह्यरुग्ण विभागातील मानसशास्त्रज्ञाला अवघड असते, आणि त्यामुळे तपासणी, निदान आणि औषध हा भाग व्यवस्थित होतो, पण संवादोपचाराची सलग सत्रे मिळणे पथकातील माणसांच्या उपलब्धतेवर अवलंबून राहते. तीव्र नैराश्य, छिन्नमनस्कता किंवा उन्माद-अवसाद विकार यांसारख्या आजारांत औषध हा उपचाराचा कणा असल्याने सिव्हिलची वाट त्यांच्यासाठी निःसंशय योग्य ठरते. घटस्फोट, परीक्षेचा ताण किंवा बाळंतपणानंतर आलेली उदासी यांसाठी जाणाऱ्याने मात्र पहिल्याच भेटीत समुपदेशनासाठी स्वतंत्र वेळ मागावी, कोणत्या वारी गर्दी कमी असते ते विचारावे आणि शक्य असल्यास त्या वारी यावे. दहा ते एकोणीस वयोगटातील मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक या नावाने समुपदेशनाची निःशुल्क सोय आहे. ती फारशी ठाऊक नाही, आणि ज्या पालकांना ठाऊक आहे त्यांचा समज ती केवळ शारीरिक बदलांच्या शंकांसाठी आहे असा असतो.

तालुक्याच्या रुग्णालयात जिल्हा पथक ठरावीक दिवशी येणे अपेक्षित असल्यामुळे, कळवण, मालेगाव किंवा सुरगाणा येथून नाशिकला येण्यापूर्वी जवळच्या रुग्णालयात किंवा आशा सेविकेकडे त्या दिवसाची चौकशी करणे पैशांच्या दृष्टीने सर्वांत फायद्याचे. नाशिकला यावेच लागले, तर मानसिक आरोग्याशी काडीचाही संबंध नसलेली एक सवलत येथे उपयोगी पडते : १७ मार्च २०२३पासून राज्य परिवहनच्या बसमध्ये महिलांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना त्याआधीपासून प्रवास मोफत आहे. सुरगाण्याच्या एखाद्या बाईला आठवड्यातून एकदा याप्रमाणे दोन महिने समुपदेशनासाठी यायचे असेल, तर सरकारकडून तिला रोख स्वरूपात जाणवणारी सर्वांत मोठी मदत बहुधा हे अर्धे तिकीटच असते, आणि ते आरोग्य खात्याने नव्हे तर एसटीने दिलेले असते.

ज्यांना घराबाहेर पडणेच शक्य नाही त्यांच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेली मानस ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक असून ती चोवीस तास, निःशुल्क आणि मराठीतही उपलब्ध आहे. पहिल्या पायरीवर प्रशिक्षित समुपदेशक बोलतो आणि गरज वाटल्यास दूरध्वनी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या प्रत्यक्ष सेवेकडे वळवला जातो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही दूरध्वनी समुपदेशन सेवाही निःशुल्क आहे. या सेवा संकटाच्या वेळी आधार देतात आणि पुढची वाट दाखवतात. परंतु त्याच मानसशास्त्रज्ञाशी आठवड्यामागून आठवडे काम करणे हा संवादोपचाराचा गाभा असतो, आणि तो दूरध्वनी सेवेकडून पुरा होईल अशी अपेक्षा ठेवणे तिच्यावरही अन्याय करणारे आहे.

नाशिकसारख्या कारखानदारीच्या शहरात सर्वांत दुर्लक्षित राहिलेला मार्ग कर्मचारी राज्य विमा योजनेचा, म्हणजे कामगारांच्या बोलीतील ईएसआयचा आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांसाठी २०१७पासून लागू असलेल्या मर्यादेनुसार ही योजना चालते, आणि जुलै २०१९पासून कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का व मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी घेतली जाते. २०,००० रुपये वेतन असलेल्या कामगाराच्या पगारपत्रकात १५० रुपये कापलेले दिसतात. त्यामागे मालकाने ६५० रुपये भरलेले असतात हे त्यात सहसा दिसत नाही. या वर्गणीच्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्या अवलंबितांना सातपूरचे कामगार विमा रुग्णालय आणि विमा दवाखाने येथे बाह्यरुग्ण उपचारही मिळतात. खासगी आरोग्य विमा आणि ही योजना यांतील महत्त्वाचा फरक हाच आहे, कारण मानसिक आजाराचा बहुतेक उपचार रुग्णालयात दाखल न होताच होतो. रुग्णालयात एखादी सेवा नसेल तर पुढे पाठवण्याची पद्धत आहे, आणि त्यासाठी विमा डॉक्टरचे पत्र आधी घ्यावे लागते. परस्पर खासगी दवाखान्यात जाऊन नंतर बिल मागणारा कामगार बहुधा हात हलवत परत येतो.

या योजनेचा दुसरा भाग बुडालेल्या मजुरीचा आहे. आजारपणामुळे कामावर जाता येत नसेल तर सर्वसाधारण आजारपण लाभाखाली वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. दीर्घकालीन आजारांच्या ३४ नावांच्या यादीत मनोविकृतीचा, म्हणजे वास्तवाचे भान सुटणाऱ्या तीव्र मानसिक आजारांचा, समावेश असल्याने अशा आजारात सलग दोन वर्षांच्या विमायोग्य नोकरीची आणि वर्गणीच्या दिवसांची अट पूर्ण करणाऱ्याला विस्तारित लाभाखाली ८० टक्के वेतन दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. सौम्य चिंता किंवा ताण या यादीत बसत नाही. तरीही सातपूर, अंबड, सिन्नर आणि गोंदे येथील हजारो पगारपत्रकांवर ही कपात दर महिन्याला होत असताना तिचा मानसिक आजाराशी काही संबंध आहे हे कामगार संघटनांच्याही सभांतून क्वचितच सांगितले जाते. त्यात संघटनांचा दोष थोडा आणि मानसिक आजाराचे नाव कारखान्यात निघू नये या भीतीचा जास्त.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांची सांगड घालून राज्यात कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले आहे, पण त्याचा उपयोग येथे मर्यादित आहे. ही योजना अंगीकृत रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या ठरावीक उपचारांसाठी आहे. तीव्र मानसिक आजारात दाखल व्हावे लागले तर आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातील योजनेच्या मदतनिसाला, विचारावे, समुपदेशनाच्या सत्रांसाठी तिच्याकडे पाहू नये. धर्मादाय रुग्णालयांची गोष्ट जवळपास तशीच. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खालील योजनेनुसार नोंदणीकृत धर्मादाय रुग्णालयाला दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये आहे. येथेही हिशेब खाटांचाच आहे, पण अशा रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकाला उत्पन्नाचा दाखला दाखवून बाह्यरुग्ण शुल्कात सूट मागण्यात काही गैर नाही.

खासगी आरोग्य विम्यात कायद्याने बरेच बदलले आहे. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २१(४)नुसार प्रत्येक विमा कंपनीने शारीरिक आजाराच्या धर्तीवरच मानसिक आजारालाही संरक्षण द्यायचे आहे, आणि विमा नियामक प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१८ रोजी कंपन्यांना तसे आदेश दिले. एका कंपनीने मानसिक आजाराच्या उपचाराचा दावा नाकारल्यानंतर प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि २०२१मध्ये न्यायालयाने असा भेदभाव कायद्याला धरून नसल्याचे सांगून विमाधारकाच्या बाजूने निकाल दिला. परंतु समानतेचा अर्थ येथे नीट समजून घ्यावा लागतो. बहुतेक पॉलिसी शारीरिक आजारातही चोवीस तास दाखल झाल्यावरच पैसे देतात. तेव्हा मानसिक आजारालाही तोच नियम लागला म्हणजे समानता पाळली गेली, आणि समुपदेशनाचा तास मात्र दोन्हीकडून बाहेरच राहिला. कायद्याने भिंत पाडली, पण मानसशास्त्रज्ञाचा दवाखाना त्या भिंतीच्या पलीकडे कधी नव्हताच.

त्यामुळे पॉलिसी घेताना किंवा नूतनीकरण करताना तीन ठिकाणी बोट ठेवून वाचावे. बाह्यरुग्ण उपचाराचे जोडसंरक्षण आहे का आणि त्यात मानसशास्त्रज्ञाचे शुल्क बसते की केवळ डॉक्टरचे. दाखल होण्यापूर्वीचे आणि घरी सोडल्यानंतरचे किती दिवस धरले जातात, कारण घरी सोडल्यानंतरची सत्रे डॉक्टरने लिहून दिली असतील तर या कलमातून काही रक्कम परत मिळण्याची शक्यता असते. आणि आधीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ किती, जो २०२४पासून जास्तीत जास्त ३६ महिने करण्यात आला आहे. पूर्वी नैराश्यासाठी औषध घेतले होते हे अर्जात लपवण्याचा सल्ला काही एजंट देतात. तो मानू नये, कारण दाव्याच्या वेळी जुनी चिठ्ठी निघाली तर मानसिकच काय, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचाही दावा अडकू शकतो. दावा चुकीच्या कारणाने नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

आजार दीर्घकालीन असेल तर दिव्यांगत्व प्रमाणपत्र हा मदतीचा वेगळाच रस्ता उघडतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत मानसिक आजार, स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे, आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व ठरल्यास बहुतेक लाभ सुरू होतात. १९६१च्या आयकर कायद्यात कलम ८०यूखाली स्वतःसाठी आणि ८०डीडीखाली अवलंबितासाठी ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट ठेवण्यात आली आणि तीही केवळ जुनी करपद्धती निवडणाऱ्यांना. वीस टक्क्यांच्या टप्प्यातील पालकाला ७५,००० च्या वजावटीतून उपकरासह १५,६०० रुपये वाचतात. या वजावटीसाठी खर्चाच्या पावत्या जोडाव्या लागत नाहीत, म्हणून वाचलेले पैसे समुपदेशनाकडे वळवायला मोकळे असतात. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय ही विमा योजना आहे आणि तिच्या वर्षाला एक लाख रुपयांच्या मर्यादेत बाह्यरुग्ण उपचार आणि नियमित थेरपीही बसते. बोलण्याच्या आणि शिकवण्याच्या तासाला थेट पैसे देणारी ही दुर्मीळ भारतीय योजना. मात्र नैराश्य किंवा छिन्नमनस्कता तिच्या कक्षेत येत नाही. चाचण्यांबाबत एक सावधगिरी हवी : प्रमाणपत्र शासकीय वैद्यकीय मंडळाचेच लागत असल्याने, खासगी दवाखान्यात महागडी चाचणी करण्याआधी तो अहवाल मंडळ स्वीकारेल का हे सिव्हिलमध्ये विचारून घेतले, तर एकाच चाचणीचे पैसे दोनदा जात नाहीत.

विद्यार्थ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२५मधील निकाल महत्त्वाचा आहे. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असे निर्देश त्यात देण्यात आले असून ते खासगी शिकवणी वर्गांनाही लागू आहेत. शिकवणीची लाखभर रुपयांची फी भरणाऱ्या पालकाने प्रवेशाच्या वेळी या समुपदेशकाचे नाव, पात्रता आणि बसण्याची वेळ विचारली, तर तो प्रश्न आगाऊपणाचा ठरू नये.

समुपदेशनाच्या तासाला सार्वजनिक पैसा लावणे ही कल्पना परदेशांत नवी नाही. ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २००६पासून कुटुंबडॉक्टरने उपचार आराखडा लिहून दिल्यास मानसशास्त्रज्ञाच्या ठरावीक सत्रांच्या, सध्या वर्षाकाठी दहांपर्यंतच्या, शुल्काचा काही भाग मेडिकेअरमधून परत मिळतो, आणि सिडनी-मेलबर्नमधील मराठी कुटुंबे वरचा फरक स्वतः भरतात. इंग्लंडने २००८पासून संवादोपचार सरकारी आरोग्यसेवेतच आणले असून तेथे रुग्ण स्वतःहून नाव नोंदवू शकतो. भारताला ही प्रारूपे जशीच्या तशी पेलणार नाहीत, कारण येथे सत्रांचे पैसे दिले तरी तेवढे मानसशास्त्रज्ञच नाहीत. म्हणूनच शेजारच्या गोव्यात संगाथ संस्थेने केलेला प्रयोग अधिक उपयोगाचा वाटतो : मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ सत्रांचा उपचार देण्यात आला आणि त्याचा गुण येतो हे लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून दिसले. महाराष्ट्रानेही २०१५मध्ये शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आणला होता, पण तो मराठवाडा आणि विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी होता. द्राक्षबागेवर गारपीट झालेला निफाडचा किंवा कांद्याचा भाव कोसळलेला चांदवडचा शेतकरी त्या यादीत नव्हता.

कायद्याच्या पुस्तकात मात्र याहून मोठे आश्वासन आहे. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १८नुसार दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, तिच्याकडे तसे कार्ड असो वा नसो, सरकारी किंवा सरकारी अनुदानित मानसिक आरोग्य संस्थांत उपचार पूर्णपणे निःशुल्क मिळायचे आहेत. कोणालाही उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये असेही हे कलम सांगते. आणि किमान सेवा एखाद्या जिल्ह्यात उपलब्ध नसतील तर रुग्णाने त्या जिल्ह्यातील अन्य सेवा घ्यावी व तिचा खर्च सरकारने सोसावा, अशी स्पष्ट तरतूद आहे. या हक्काला दोन कुंपणे आहेत. एक म्हणजे तो मानसिक आजाराच्या कायदेशीर व्याख्येत बसणाऱ्यांना आहे, आणि ही व्याख्या विचार, भावना किंवा वर्तन यांतील गंभीर बिघाडाची असल्याने, व्यसनाधीनता तिच्यात येत असली तरी दैनंदिन ताण येत नाही. दुसरे म्हणजे खर्चाची भरपाई मागण्यासाठी सरकारी सेवा उपलब्ध नव्हती हे दाखवावे लागते. जिल्हा रुग्णालयात गेल्याची तारीख, तेथे मिळालेली चिठ्ठी, सेवा मिळत नसल्याचे किंवा बाहेर पाठवल्याचे लेखी उत्तर आणि खासगी मानसशास्त्रज्ञाची नोंदणी क्रमांक असलेली पावती एवढे कागद हाती असतील, तर मागणीला आधार राहतो. ती पुढे नेण्यासाठी कायद्याच्या कलम २७ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिलेला आहे, आणि त्यासाठीचा अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो.